न धुतलेलं लुगडं आणि सुरतेची एक फेरी

सुरतेवर लिहा, पोंकावर लिहा, तापीकाठच्या खाण्यावर लिहा, असं वाचक मला अधूनमधून सुचवतात. मी टाळत आले. सुरतेला मी पुष्कळदा गेले आहे, पण सांगण्यासारखी फेरी एकच, १९९८च्या जानेवारीतली. आणि त्या फेरीत माझं नाक बंद होतं. सर्दीनं नव्हे. ते पार गेलंच होतं. तेव्हा खाण्यापिण्याबद्दल माझ्या मतावर फार विसंबू नका. गाडी, रस्ता आणि माणसं यांच्याबद्दल मात्र खुशाल विसंबा.

आधी नाकाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी तेव्हा अमळनेरला शाळेत शिकवत होते. १९९६च्या पावसाळ्यात मोपेडवरून घसरले आणि डोकं मागून रस्त्यावर आपटलं. टाके पडले, चार दिवस गरगरलं आणि मग सगळं ठीक झालं असं वाटलं. घरी आल्यावर चहा प्यायले तर नुसतं गरम साखरपाणी. मला वाटलं, चहाच रद्दी निघाला. मग एके दुपारी मी पेपर तपासत बसले होते आणि समोरच्या घरातून बाई धावत आली, "अहो, दूध करपलं ना!" दूध माझ्यापासून दोन हातांवर होतं. पातेलं काळंठिक्कर पडलेलं, खोलीत धूर, आणि मी तांबड्या शाईनं शुद्धलेखनाच्या चुका शोधत बसलेली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. नाकाच्या वर, कवटीच्या तळाशी एक हाड असतं, पीठ चाळायच्या चाळणीसारखं, बारीक भोकांचं. त्या भोकांतून वासाचे तंतू वर मेंदूत जातात. डोक्याला झटका बसला की ते तुटतात. "पुन्हा वाढतात का?" मी विचारलं. "वाढतात. कधी वाढतात, कधी नाही वाढत. वाट बघायची," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या नाकाखाली बामची डबी धरली. मला झोंबलं. मी आनंदानं ओरडलेच, "येतोय, येतोय!" त्यांनी मान हलवली. "ते झोंबणं आहे, बाई. वास नाही. झोंबण्याची शीर वेगळी. कांदा, मिरची, कापूर यांचं झोंबणं तुम्हाला कळत राहील. त्याच्यावर आशा लावू नका."

त्याच हिवाळ्यात आई गेली. ती शेवटचं वर्षभर सुरतेला माझ्या थोरल्या बहिणीकडे होती. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तिथं कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला. आमच्या खानदेशातली अर्धी गावं अशी सुरतेला जाऊन राहिलेली आहेत, त्यात नवल नाही. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पाव्हणे पांगल्यावर ताईनं एक लुगडं आणलं. आजारपणात आई ते घडी करून उशाला घ्यायची. ताईनं ते माझ्या तोंडाशी धरलं. "देख, मायना वास."

मला काहीच आलं नाही. कापडाचा खरखरीत स्पर्श तेवढा गालाला लागला. आई गेल्याचं मला त्या क्षणी कळलं, असं म्हटलं तरी चालेल. तोवर मी नुसती धावपळ करत होते. ताई घाबरली. मग तिनं लुगड्याची घडी परत घातली आणि म्हणाली, "मी धोत नही. तुनं नाक बरं व्हवा लगून ठेवस." तुझं नाक बरं होईपर्यंत ठेवते.

आता एक गंमत बघा, गंमत म्हणजे वाईट गंमत. डोळे मिटले की आईचा चेहरा मला दिसे. तिचा आवाज कानात येई, अगदी खोकण्यासकट. पण वास? तुम्हीच करून बघा. डोळे मिटा आणि गुलाबाचा वास आठवा. नाव आठवेल, आवडीचा होता हे आठवेल, वास येणार नाही. वास असा हुकमी बोलावता येत नाही, तो समोरच यावा लागतो. समोर आला की मात्र तीस वर्षांपूर्वीची ओसरी उभी करतो. म्हणून ते लुगडं मला हवं होतं. आई जशी होती तशी पुन्हा एकदा यायची दुसरी वाटच उरली नव्हती.

पण आमच्या घरची एक रीत आहे. गेलेल्या माणसाचं कापड वर्षश्राद्ध होईपर्यंत कापायचं नाही, आणि वर्ष झाल्यावर पेटीत घडी घालून ठेवायचं नाही. ते कुणाच्या तरी अंगावर आलंच पाहिजे. आईची लुगडी असतील तर मुलींनी धुऊन, फाडून त्यांची गोधडी शिवायची. वर्ष भरत आलं तरी माझं नाक होतं तिथंच होतं. संक्रांतीच्या सुमाराला गावाकडे आलेले दाजी शाळेत येऊन सांगून गेले, "ताईनं बोलावलंय. आता कापड ठेवता येणार नाही. धुवायच्या आधी एकदा येऊन बघ म्हणते." मी रजा टाकली.

अमळनेरहून सुरतेला जायला तेव्हा भुसावळकडून येणारी पॅसेंजर सगळ्यात सोयीची. सगळ्यात सोयीची म्हणजे सगळ्यात स्वस्त. ती दर ठेसणाला टेकते आणि कधी कधी ठेसण नसलं तरी टेकते. जेवण बरोबर घ्या. मी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेतला होता, कारण ठेचा झोंबतो आणि झोंबणारं तेवढंच मला जेवल्यासारखं वाटे. दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर. नवापूरच्या फलाटावर दोन राज्यांची हद्द आहे, एकाच बाकावर एक माणूस महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत बसू शकतो. गाडी उशिरा निघाली तर उतरून बसून या, पैसे पडत नाहीत.

तोवर मी वास डोळ्यांनी घ्यायला शिकले होते. दुसऱ्याचं नाक बघायचं. समोर दोंडाईच्याची एक बाई टोपली घेऊन बसली होती, तिच्या शेजारच्यानं हळूच तोंड फिरवलं तेव्हा टोपलीत सुकी मासळी आहे हे मला कळलं. व्यारा सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागतो. चलथाण जवळ आलं तसा सगळा डबा एकदम बदलला. कुणी रुमाल नाकाला लावला, एका म्हाताऱ्यानं उलट छाती भरून श्वास घेतला.

"मळीचा वास," टोपलीवाली म्हणाली. "साखर कारखाना आला. आता सुरत आलीच."

"कसा आहे?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. हातभर अंतरावर बसून कुणी असं विचारतं का? "कसा म्हणजे?" ती म्हणाली. "गूळ जळला आणि वर आंबला, तसा." मग थोडं थांबून, "तुम्हाला येत नाही का?"

मी सांगितलं. ती उधना येईपर्यंत मला वास सांगत राहिली. आता गोठा. आता कुणीतरी बिडी पेटवली. आता गटार. बाई मोठी चोख होती, कुठलाही वास गाळला नाही. मला तिचे आभार मानायचे होते, पण उतरायच्या गर्दीत ते राहून गेलं.

लिंबायत, पर्वत पाटिया या बाजूला जायचं असेल तर सुरतेच्या मोठ्या ठेसणापर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा. बाहेर शेअर रिक्षा मिळते. रिक्षात तीन माणसं बसतात असं सरकार म्हणतं आणि सहा बसतात असं रिक्षावाला. पाटियाच्या रस्त्यावर कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो अडकलेले असतात, तेव्हा घाई असेल तर चालत गेलेलं बरं. ताईची गल्ली खाडीच्या कडेला. खाडीचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. मागच्या वेळी हिरवं होतं. मिलमध्ये ज्या रंगाची साडी चालू असेल त्या रंगाची खाडी.

"उनी व माय!" ताई दारातच उभी. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "नाक?"

मी मान हलवली. तिचा चेहरा पडला, पण लगेच तिनं पाणी आणलं. मला तेव्हा एक गोष्ट जाणवली होती, ती आता कळते. मी नाही म्हटल्यावर तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता तिचे खांदे जरा सैल पडले.

ताईच्या घरात शिरलं की जिथं तिथं डांबर गोळ्या दिसत. भांड्यांच्या फळीवर, गहू भरलेल्या डब्यांमागे, अंथरुणाच्या वळकटीत. प्लेगच्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, अर्धं शहर गाड्यांना लोंबकळून पळालं होतं. ताई-दाजी गेले नाहीत. नंतर महापालिकेनं सुरत अशी काही झाडूनपुसून काढली की ओळखू येईना, गटारं झाकली, कचरा रोज उचलू लागले. पण त्या गल्लीतल्या बायकांच्या मनातला उंदीर काही गेला नाही. कुणी सांगितलं देव जाणे, पण डांबर गोळीनं उंदीर येत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. सकाळी हातगाडीवाला ओरडत जायचा, "डामरनी गोळी! उंदर, वांदा भागे!" उंदीर, झुरळं पळतील म्हणे, आणि भाजी घ्यावी तशा बायका गोळ्या घ्यायच्या. पेटी असो, कपाट असो, गोळी टाकल्याशिवाय झाकण लावायचं नाही. हात आपोआप जायचा.

दाजी मिलमधून आले, कोपरापर्यंत निळे. जेवताना मी त्यांना विचारलं, "दाजी, एवढ्या गोळ्या, वर खाडी, वर तुमची मिल. डोकं उठत नाही का?"

ते हसले. "आठे काहीच वास येत नही. मी गावले जास, तव्हय मना शर्टले येस."

इथं काही कळत नाही, गावी गेलं की शर्टाला येतो, हे त्यांचं खरं होतं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की नाक चाकरमान्यासारखं असतं, रोजचं तेच असेल तर दखल घेत नाही, नवं आलं की उठतं. ज्याच्या त्याच्या घराचा वास ज्याला त्याला येत नाही. आईलाही स्वतःचा वास कधी आला नसणार. तो आम्हालाच येत होता.

लुगडं ठेवलेली पेटी उघडायचं दुसऱ्या दिवशी ताईनं नाव काढलं नाही. म्हणाली, आधी जरा हिंड, मग बघू. थंडीत गेलात तर नदीपलीकडे अडाजणच्या बाजूला पोंकाच्या झोपड्या लागतात, तिथं जाच. कोवळी ज्वारी निखाऱ्यात भाजून, झोडपून हिरवे दाणे काढतात. आपला हुरडाच, पण सुरतेनं त्याला लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेच्या गोळ्या असा थाट दिला आहे. बसनं चौकापर्यंत जायचं आणि तिथून पूल ओलांडायचा. सकाळी लवकर निघालात तर वाटेत लोचो खा, हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला मऊ लगदा, वरून कच्चं तेल आणि बारीक शेव. माझ्या जिभेला तो मऊ, खारट आणि आंबट लागला. तुम्हाला आणखी काहीतरी लागेल.

पोंकवाल्यानं ओंजळभर गरम दाणे माझ्यासमोर धरले. "बेन, सुगंध तो जुओ!"

ताई त्याला थोपवत म्हणाली, "एने सुगंध नथी आवती, भाई."

त्या माणसानं माझ्या द्रोणात आणखी एक लिंबू पिळलं. आंबट मला कळेल, हे त्याला कसं सुचलं कोण जाणे. आम्ही तापीच्या कठड्याशी बसून खाल्लं. आई हुरड्याच्या दिवसांत ओढणीएवढ्या फडक्यात दाणे बांधून शाळेच्या दारात यायची, ते मला आठवलं. म्हणजे फडकं आठवलं, ऊब आठवली, तिचे पाय आठवले. हुरडा तोंडात होता आणि तो सोडून बाकी सगळं आठवलं. मी रडले. ताई पाठीवर हात ठेवून बसली होती. "कर ना उघडी पेटी," मी म्हटलं. "वाट बघून काही होत नाही. आला तर आला."

ती म्हणाली, "सकायले."

तिसऱ्या दिवशी दाजी कामावर गेल्यावर ताईनं मला मोरीत हातपाय धुवायला लावले, जसं काही देवाचं कार्य. मी बाहेर आले तेव्हा पेटी उघडीच होती आणि लुगडं तिच्या मांडीवर होतं. हिरवं, बारीक काठाचं. मला वाटलं होतं, पेटी माझ्यासमोर उघडेल.

"घे," ती म्हणाली.

मी घडी नाकाला लावली आणि ओढता येईल तेवढा श्वास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. मग नाकाच्या आत, वर कुठंतरी, बारीक गार झोंबलं. क्षणभर वाटलं, आला. आई आली. आणि लगेच डॉक्टरांचा शब्द आठवला. त्याच वेळी घडीतून काहीतरी सुटून माझ्या मांडीवर पडलं. पांढरी चकती, झिजून झिजून नखाएवढी उरलेली.

डांबर गोळी.

वर्षभर ती त्या घडीत होती. एकटी नसणार. बाकीच्या ताईनं मी मोरीत असताना वेचून टाकल्या असणार, ही घडीच्या आत राहून गेली. कापड जपायचं म्हणून पेटीत टाकलेल्या, हात आपोआप जातो तशा. आईला उंदरांनी कुरतडू नये म्हणून. आणि एकदा ती पेटी वर्षभर त्या वासानं भरली, की आईच्या वासाचं काय उरणार?

मी चकती मुठीत धरली. ताईचं लक्ष माझ्या हाताकडे नव्हतं. ती माझ्या नाकाकडे बघत होती. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी मुलं बघतात ना, तशी.

"येस का?" तिनं विचारलं.

"नही," मी म्हटलं. "तुले?"

तिनं लुगडं घेतलं, नाकाला लावलं, डोळे मिटले. "येस ना," ती म्हणाली. "मायना वास शे आजून. जसाच्या तसा."

राग यायला हवा होता मला. खरं सांगते, आलाही, चुलीत फुंकर मारल्यावर जाळ येतो तेवढा. वर्षभर मी कशाच्या भरवशावर बसले होते? पण तिच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. तिनं श्वास घेतलाच नव्हता, हे मला दिसत होतं. दुसऱ्यांची नाकं बघण्यात मी दीड वर्ष काढलं होतं, मला कोण फसवणार?

मी विचारलं, "कसा शे? सांग."

आणि ती सांगू लागली. आधी मशेरीचा, ती म्हणाली, तव्यावर तंबाखू भाजल्यावर येतो तो. मग लसणाचा, बोटांचा, कारण माय पदराला हात पुसायची. मग ओव्याचा, पोट दुखायचं म्हणून चघळायची. भाकरी उलटताना वाफ येते तिचा. गोठ्यातून आली की धारेचा. "आणि केसांना करडईच्या तेलाचा," मी मध्येच म्हटलं. "हं, करडईचा," ती म्हणाली, "पण तो फक्त सोमवारी." आम्ही दोघी हसलो. सोमवारी बाजार, बाजाराच्या दिवशी तेल. मग ती थांबली. "शेवटल्या दिवसांचा एक वास व्हता, औषधांचा, अंथरुणाचा. तो नही सांगत."

"नको सांगू," मी म्हटलं.

डोळे उघडून ताई बराच वेळ लुगड्यावरून हात फिरवत राहिली. तिलाही वास येत नव्हता आणि मलाही येत नव्हता, आणि आई आमच्या मध्ये बसलेली होती. असं मला वाटलं, वाटलं ते लिहिते. नंतर गल्लीच्या तोंडाशी जाऊन मी ती चकती गटाराच्या जाळीतून खाली टाकली.

धुणं दुसऱ्या दिवशी होतं. पाणी तापवलं, सोडा घातला. लुगडं बुडवायच्या आधी ताईनं कात्री आणली आणि पदराचा वीतभर तुकडा कापून बाजूला ठेवला. लुगडी वाळेपर्यंत शेजारच्या बायका शिवायला आल्या होत्या, सगळ्या आमच्याकडच्याच, चोपडा-पारोळ्याच्या. त्यातली एक म्हणाली, न धुतलेलं कापड गोधडीत घालत नाहीत. ताईनं आईची चार लुगडी एकावर एक अंथरली, आणि उजव्या कोपऱ्याशी, मधल्या थरात, तो न धुतलेला तुकडा ठेवला. सुरतेत रंगीत दोऱ्याला काय तोटा? सगळी गोधडी पांढऱ्या धाग्यानं शिवली, त्या कोपऱ्यावर तेवढी लाल टाक्यांची फुली मारली.

"तुनं नाक बरं व्हयनं का आठे लाव," ताई म्हणाली.

"तू ठेव की गोधडी," मी म्हटलं. "तुला वास येतो."

ती सुई ओवत होती. वर न बघता म्हणाली, "तूच ली जाय."

परत येताना मी मोठ्या ठेसणावरून बसले, म्हणजे जागा मिळते. बाहेरच्या दुकानातून नानखटाई घेतली. सुरतेची नानखटाई नावाजलेली आहे, घ्या. मला ती गोड आणि भुसभुशीत लागली. चलथाणला डब्यातल्यांनी नाकं मुरडली आणि मी मनात म्हटलं, जळलेला, आंबलेला गूळ. गोधडी मांडीवर होती. थंडी होती तरी उलगडली नाही.

नाक परत आलं, पण ते सरळ रस्त्यानं आलं नाही. पुढच्या वर्षी आधी सगळ्यालाच जळक्या रबराचा वास येऊ लागला. फोडणीला, साबणाला, माझ्या स्वतःच्या हातांना. डॉक्टर म्हणाले, तंतू वाढतायत पण चुकीच्या जागी जोडले जातायत, धीर धरा. कितीतरी दिवस मी नाक मुठीत धरून जेवले, आणि हे वाक्प्रचार म्हणून म्हणत नाही. मग एका संध्याकाळी देवापाशी दिवा लावून काडी विझवली, आणि विझल्या काडीचा वास आला. विझल्या काडीचाच. मी काड्यापेटीतल्या काड्या एकामागून एक पेटवून विझवत बसले. पूर्ण नाक कधीच आलं नाही. चंदन मला आजही कळत नाही. पण बरंच आलं.

आणखी आठवडाभर मी गोधडीला हात लावला नाही. माझी छातीच होईना. मग एका रविवारी दार लावून घेतलं, लाल फुली शोधली, आणि तिथं नाक टेकवलं.

डांबर गोळी. उघड, थंड, दुसरं काही नाही. मी थांबले. श्वास सोडून पुन्हा घेतला. नाकाला एका वासाची सवय झाली की तो मागे सरतो आणि खालचा वर येतो, हे मला माहीत होतं. म्हणून दुपारभर बसून राहिले. खालून कोणीही आलं नाही. मशेरी नाही, ओवा नाही, भाकरीची वाफ नाही. त्या दिवशी आई दुसऱ्यांदा गेली. आणि ती गेली आहे हे सांगायला ज्या एका माणसाकडे मी जाऊ शकत होते, त्यालाच ते सांगायचं नव्हतं.

संध्याकाळी मी चौकातल्या एसटीडी बूथवरून ताईच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्यांनी ताईला बोलावलं. तिच्या चपला वाजल्या, मग धाप.

"ताई, नाक उनं," मी म्हटलं.

मला वाटलं, लाइन गेली.

"लाल फुलीले लावं?" तिनं विचारलं.

"लावं."

"मग?"

काचेच्या दारावर बाहेरच्या माणसानं टकटक केलं. मी त्याला हातानं थांब म्हटलं.

"येस ना, ताई," मी म्हटलं. "मायना वास. मशेरीना, लसूणना, ओवाना. जसाच्या तसा."

"खरं सांग."

"खरं सांगस."

मग फोनमधून जो आवाज आला तो आधी मला हसण्याचा वाटला. ताई रडत होती, शेजाऱ्यांच्या घरात, सगळ्यांसमोर, मोठमोठ्यानं. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"म्हणजे तो गया नही," ती म्हणत होती. "मी गोळ्या टाक्यात तरी गया नही ना? व माय, मी त्या पेटीमा गोळ्या टाक्यात व्हत्यात..."

"नही गया," मी म्हटलं. "तू उगीच जीवले लाई लिधं."

ताई गेल्या वर्षी गेली. ती असेपर्यंत हे लिहिणं शक्य नव्हतं. दाजी त्याआधीच गेले होते, आणि गल्लीतलं घर भाच्यांनी विकलं. आता तुम्ही सुरतेला जाल तेव्हा खाडीवर मोठा रस्ता दिसेल, डांबर गोळीवाला दिसायचा नाही. पोंक मात्र थंडीत अजून मिळतो. मला त्याचा वास थोडा येतो, खरपूस, ओलसर. लिंबू कमी घाला असं आता मी सांगते.

गोधडी माझ्याकडे आहे. लाल फुलीपाशी गोळीचा वास अजून आहे, पण फार विरलाय, नाक टेकवून बराच वेळ थांबलं तर मिळतो. पूर्वी मी तिथं आईला शोधत असे. आता तो वास आला की मला दिसते ती मिटल्या डोळ्यांनी, श्वास रोखून, "येस ना" म्हणणारी ताई. गोधडी दर उन्हाळ्यात धुते, पण तेवढा कोपरा बादलीबाहेर हातात धरून ठेवते.